नळी मोकळी, प्रिंटर कैदेत

डिसेंबर २०२४ मध्ये मॅनहॅटनच्या रस्त्यावर एका आरोग्यविमा कंपनीच्या प्रमुखाची गोळ्या घालून हत्या झाली. आरोपीकडे सापडलेले पिस्तूल थ्रीडी प्रिंटरवर बनवलेले असावे, असे पोलिसांनी सांगितले आणि घरी छापलेल्या बंदुकांचा अकरा वर्षे जुना वाद पुन्हा उकरून निघाला. तेव्हापासून दोनच सूर ऐकू येतात. पहिला म्हणतो, प्रिंटरलाच वेसण घाला: विकत घेणाऱ्याची पोलिसी पडताळणी करा, आणि बंदुकीचा भाग ओळखून छपाई नाकारेल असे कुलूप यंत्रात बसवा. दुसरा म्हणतो, बंदुकीच्या आराखड्याची फाइल जगभर पोचली आहे, आता कायदा करून काय उपयोग? माझ्या मते हे दोन्ही सूर एकाच चुकीतून निघतात. दोघांनीही बंदूक म्हणजे प्रिंटरमधून बाहेर पडणारे प्लास्टिक असे धरून ठेवले आहे. कायद्याने पकडायचे असेल तर स्फोटाचा दाब सोसणारे भाग पकडावेत, काडतूस पकडावे, साध्या पिस्तुलाला मशीनगन करणारा खटका पकडावा आणि बेकायदा शस्त्र बनवण्याची कृती पकडावी. प्रिंटर आणि नुसती फाइल यांच्यावर कायद्याचा डोलारा उभा केला, तर तो पहिल्याच वाऱ्यात कोसळेल.

दाबाचे गणित आधी मांडायला हवे, कारण चर्चेत नेमके तेच गाळले जाते. मोटारीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार (बार हे दाबाचे एकक) हवा असते. ९ मिलिमीटरच्या पिस्तुली काडतुसासाठी युरोपीय मानकाने ठरवलेली कमाल मर्यादा २,३५० बार आहे, म्हणजे टायरच्या हजारपट. हा दाब सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापुरताच असतो, पण तो सोसावा लागतोच. घरगुती प्रिंटरवर सर्रास वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक ओढून तोडायला साधारण ५०० ते ६०० बारइतका ताण पुरतो, आणि साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडू लागते. शिवाय छापलेली वस्तू एकसंध नसते. वितळलेल्या धाग्याचे थर एकावर एक बसतात, आणि थरांमधला जोड धाग्याहून कमजोर असतो. ‘मग भिंत जाड करू’ हे पहिले उत्तर सुचते. पण जाड नळीच्या गणितात एक निष्ठुर गोष्ट आहे: भिंत कितीही वाढवा, आतल्या पृष्ठभागावरचा ताण आतल्या दाबाच्या खाली कधीच उतरत नाही. तडा आतून सुरू होतो आणि बाहेर धावतो. मे २०१३ मध्ये ‘लिबरेटर’ नावाच्या, एका वेळी एकच गोळी झाडणाऱ्या प्लास्टिक पिस्तुलाची फाइल प्रसिद्ध झाली, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या पोलिसांनी ते छापून पाहिले. सत्तावीस तास आणि पस्तीस डॉलरचे साहित्य लागले, आणि चाचणीत एक पिस्तूल फुटले. अमेरिकेच्या शस्त्रनियंत्रण खात्याने केलेल्या चाचण्यांमध्येही एका प्रकारच्या प्लास्टिकचा नमुना पहिल्याच गोळीला फुटला. अशा पिस्तुलातून एखादी गोळी सुटतेही. पण दर वेळी जुगार असतो, आणि डाव चालवणाऱ्याच्या बोटांवर लागलेला असतो.

तरीही प्रिंटरवरची पिस्तुले खरोखर चालतात. कशी? त्यांतली चालणारी बहुतेक सगळी संकरित असतात. मूठ आणि चौकट प्लास्टिकची. गोळी सुटते ती नळी, तिच्यावर मागेपुढे सरकणारी स्लाइड, स्प्रिंगा आणि काडतुसावर आघात करणारी फायरिंग पिन पोलादी. यात नवल काही नाही. १९८० च्या दशकात ग्लॉकने कारखान्यात बनलेली प्लास्टिकची चौकट बाजारात आणली आणि ती जगभरच्या पोलिसांच्या कमरेला लागली. दाब वर पोलाद सोसते, खालची चौकट हातात धरायला आणि भाग जागेवर ठेवायला. ते पिस्तूल विमानतळाच्या तपासणीतून निसटेल अशी आवई तेव्हाही उठली होती. प्रत्यक्षात त्यात अर्धा किलोच्या आसपास पोलाद होते.

आता कायद्याकडे या. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्याने बंदूक म्हणजे काय ते ठरवताना एक भाग निवडला: फ्रेम, म्हणजे चौकट, किंवा लांब बंदुकीत तेच काम करणारा रिसीव्हर. क्रमांक त्याच्यावर कोरायचा, विक्रीची पडताळणी त्याचीच करायची. नळी, स्लाइड, चाप हे नुसते सुटे भाग, संघीय कायद्यानुसार टपालाने मागवता येणारे. ज्या काळात चौकट पोलादाचा ठोकळा कातून बनत असे, त्या काळात ही निवड शहाणपणाची होती. बंदुकीतल्या घडवायला अवघड भागांपैकी तो एक. चौकट प्लास्टिकची झाली आणि व्याख्या तिथेच राहिली. म्हणजे कायद्याने संपूर्ण बंदुकीची ओळख नेमक्या त्या तुकड्याला बांधली, जो घरच्या टेबलावर छापता येतो. उलट युरोपीय संघाच्या शस्त्रनिर्देशात नळी, चौकट, रिसीव्हर, स्लाइड, नळीचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट हे सगळेच ‘अत्यावश्यक घटक’ आहेत, आणि प्रत्येक घटकाला बंदुकीचेच नियम लागतात. ब्रिटनमध्येही दाब सोसणारे भाग १९६८ च्या कायद्याच्या कक्षेत येतात, आणि तिथल्या गृहखात्याला २०१३ मध्ये नवा कायदा न करता एवढेच स्पष्ट करावे लागले की छापलेली बंदूक ही बंदूकच आहे. तोच प्रिंटर, तीच फाइल, तेच चौकटीचे प्लास्टिक. एका खंडात त्यातून पिस्तूल पुरे होते, दुसऱ्या खंडात हातात नुसती मूठ राहते. मग धोका प्रिंटरने निर्माण केला की व्याख्येने?

या गोंधळात भर घालतो ‘घोस्ट गन’ हा शब्द. त्याचा अर्थ क्रमांक नसलेली बंदूक. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ च्या निकालात दिलेले आकडे बोलके आहेत: २०१७ मध्ये पोलिसांनी माग काढण्यासाठी पाठवलेल्या अशा बंदुका सुमारे १,६०० होत्या, २०२१ मध्ये १९,००० हून अधिक. हे आकडे आले की मागोमाग प्रिंटरचे चित्र छापले जाते. पण त्या खटल्याचा विषय प्रिंटर नव्हताच. तो जवळजवळ पूर्ण झालेल्या चौकटींच्या तयार संचांचा होता. कारखान्यात साच्यातून काढलेली चौकट, सोबत बाकीचे भाग, घरी थोडे भोक पाडायचे आणि थोडे घासायचे. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरवले की असे काही संच बंदूक म्हणून नियमात आणता येतात. एका टेबलाचे तुकडे खोक्यात भरून विकले तरी आपण त्याला टेबलच म्हणतो, अशा धाटणीचा तो युक्तिवाद होता आणि तो बरोबर होता. मात्र संचांची आकडेवारी प्रिंटरच्या खात्यात टाकून प्रिंटरवर कायदा मागणे म्हणजे म्हशीच्या दुधाचा हिशेब बकरीच्या वहीत लिहिणे झाले.

कुलपाच्या कल्पनेला जरा वेळ द्यायला हवा, कारण ती ऐकायला फार समंजस वाटते. फोटोकॉपीचे यंत्र चलनी नोट ओळखून नकार देते, मग थ्रीडी प्रिंटर का देणार नाही? पण नोटेचे काय आहे पाहा. नोट छापणारी बँक स्वतःच तिच्यावर खूण ठेवते: ठराविक मांडणीतली बारीक वर्तुळे, जी २००२ मध्ये केंब्रिजच्या एका संशोधकाने ओळखून जगासमोर आणली. यंत्राला पैसा म्हणजे काय हे कळण्याची गरज नसते. त्याला फक्त वर्तुळे शोधायची असतात. बंदुकीच्या भागावर अशी खूण कोण घालणार? जो भाग बेकायदा बनवायचा आहे, त्याची फाइल करणारा? आणि प्रिंटरला नेमके काय दिसते? फाइलमधली वस्तू म्हणजे हजारो त्रिकोणांचे जाळे. स्लायसर नावाची प्रणाली त्याचे थर कापते आणि प्रत्येक थराचे रूपांतर हालचालींच्या ओळींत करते: एक्स एवढे, वाय एवढे, प्लास्टिक एवढे ढकल. अशा लाखो ओळी. यंत्र एक ओळ वाचते, तेवढे सरकते आणि विसरते. अनेक स्वस्त प्रिंटर वर्षानुवर्षे ज्या नियंत्रकावर चालले त्याची कायम साठवण २५६ किलोबाइट आणि चालू स्मृती ८ किलोबाइट. त्याला आपण काय छापतो आहोत याची कल्पना गवंड्याच्या थापीला भिंतीची असते तितकीच. नव्या यंत्रांत ताकद जास्त आहे, छाननी दूरच्या सर्व्हरवरही करता येईल हे खरे. पण मग प्रश्न ओळखण्याचा येतो. एका बाजूला खाच, दोन आडवी भोके आणि हातात मावणारी मूठ असलेली वस्तू म्हणजे पिस्तुलाची चौकट असेल, किंवा ड्रिलचे आवरण, नाटकातले लाकडी वाटणारे पिस्तूल, कॅमेऱ्याची पकड. कडक केले तर निरुपद्रवी कामे अडतील, सैल केले तर हवा तो सुटेल. त्यात घरगुती प्रिंटरचा उगमच २००५ मध्ये बाथ विद्यापीठात सुरू झालेल्या खुल्या प्रकल्पात आहे. यंत्राची आज्ञावली खुली, मोटारी आणि पट्टे बाजारात सुटे मिळणारे. कुलूप बसेल ते दुकानातून सीलबंद यंत्र घेणाऱ्या शाळेच्या प्रयोगशाळेत.

नोंदणीची कल्पना तर इतिहासात वापरून झाली आहे. हुकूमशहा चाउशेस्कूच्या रोमानियात १९८३ च्या हुकुमाने टंकलेखन यंत्राची नोंद पोलिसांकडे करावी लागे आणि त्याच्या अक्षरांचा नमुना द्यावा लागे, म्हणजे पत्रक सापडले की यंत्र सापडावे. इंग्लंडमध्ये १६६२ च्या परवाना कायद्याने मुद्रकांची संख्या बांधून टाकली होती. १६९५ मध्ये तो कायदा नूतनीकरणाविना संपला. प्लास्टिक आणि पत्रक यांची सरसकट तुलना करता येत नाही हे मला मान्य आहे, पत्रकाने कुणाच्या छातीत भोक पडत नाही. पण साधनाची नोंद ठेवणाऱ्या कायद्यांची एक सवय समान दिसते: ते प्रामाणिक वापर करणाऱ्यांची यादी अचूक करतात. न्यूयॉर्क राज्यात २०२३ मध्ये प्रिंटर खरेदीदारांच्या पार्श्वभूमीची तपासणी मागणारे विधेयक आले, त्याच्यावरही माझा आक्षेप हाच आहे. ज्याच्या नावावर गुन्हा नाही त्याला यंत्र मिळेल. ज्याच्या नावावर आहे त्याला ते जुन्या बाजारातून मिळेल.

आता दुसऱ्या सुराकडे, कारण ‘फाइल सुटली, खेळ संपला’ हा सूरही मला तितकाच आळशी वाटतो. लिबरेटरची फाइल दोन दिवसांत लाखाहून अधिक वेळा उतरवली गेली आणि मग अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने शस्त्रनिर्यातीचे नियम दाखवून ती काढायला लावली. २०१५ मध्ये फाइल टाकणाऱ्यांचा सरकारविरुद्ध खटला, २०१८ मध्ये सरकारची तडजोड, त्याच वर्षी ३१ जुलैला सिअॅटलच्या न्यायाधीशांची स्थगिती. एवढ्या काळात फाइलच्या किती प्रती कुठे पोचल्या हे मोजायला कोणी बसले नाही. १९७९ मध्ये एका अमेरिकन मासिकाला हायड्रोजन बॉम्बवरचा लेख छापण्यापासून सरकारने कोर्टाच्या आदेशाने रोखले, तीच माहिती दुसरीकडे छापून आली आणि सरकारला खटला सोडावा लागला. १९९० च्या दशकात सांकेतिक लेखनाच्या प्रणालीला ‘युद्धसामग्री’ ठरवले, तेव्हा तिचा मजकूर पुस्तक म्हणून छापून परदेशी नेला गेला. माहितीला बांध घालणे अवघड आहे हे या प्रसंगांतून दिसतेच. पण त्यावरून ‘म्हणून बनवणाऱ्यालाही सोडा’ हा निष्कर्ष कसा निघतो? हायड्रोजन बॉम्बचा लेख शेवटी छापला गेला आणि तरीही बॉम्ब कोणाच्या तळघरात तयार झाला नाही. कारण नियंत्रण युरेनियमवर होते. २०१४ मध्ये जपानमधल्या कावासाकीत एका २७ वर्षांच्या तरुणाला छापलेल्या पिस्तुलांसह पकडले आणि त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. त्यासाठी जपानला फाइल जगातून पुसावी लागली नाही. शस्त्र जवळ बाळगणे पुरेसे होते.

फाइलवर कायदा करायचाच असेल तर शब्द कसे ठेवावेत याचे दोन नमुने समोर आहेत. न्यू साउथ वेल्सने २०१५ मध्ये बंदुकीचा डिजिटल आराखडा जवळ असणे हाच गुन्हा ठरवला. कमाल शिक्षा १४ वर्षे. नकळत आलेली फाइल, सार्वजनिक हित अशा पळवाटा नव्हे तर बचाव त्यात आहेत, पण ते मांडायचे आरोपीने. कॅनडाने डिसेंबर २०२३ मध्ये वेगळा मार्ग घेतला: प्रिंटरसाठी वापरता येणारी माहिती बंदूक बनवण्याच्या किंवा तिच्या अवैध व्यापाराच्या हेतूने बाळगली तर गुन्हा. दोन शब्दांचा फरक, पण सगळा कायदा त्यात आहे. चाचणी घेणारा प्रयोगशाळेतला तज्ज्ञ, लेख लिहिणारा पत्रकार, उत्सुकतेने एक दुवा उघडणारा विद्यार्थी हे कॅनडाच्या मजकुरात मुळात गुन्हेगार होत नाहीत. न्यू साउथ वेल्समध्ये त्यांना आधी पकडता येते आणि मग सुटावे लागते. हेतू सिद्ध करणे सरकारी पक्षाला जड जाते, ही तक्रार रास्त आहे. पण जवळ काडतुसे, नळीचे भाग आणि अर्धवट छापलेली चौकट सापडली तर हेतू सांगायला साक्षीदार लागत नाही. आणि कॅनडाने त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट केली जिचा फारसा गाजावाजा झाला नाही: बंदुकीचे काही भाग आणि गोळ्या भरायचे मॅगझिन मिळवण्यासाठी परवान्याची अट घातली. मला त्या कायद्यातले सगळ्यात उपयोगी कलम तेच वाटते.

माझ्या भूमिकेतली कच्ची बाजू इथे उघड करायला हवी. २०२० मध्ये युरोपातून एक ९ मिलिमीटरची छोटी बंदूक प्रसिद्ध झाली, जिचा हेतूच मुळी नियंत्रित भाग टाळणे हा होता: एकही घटक बंदुकीचा भाग म्हणून विकत घ्यावा लागू नये. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधल्या बंडखोरांच्या हातात ती दिसली. म्हणजे नळीवर पहारा बसवला तरी जिद्दी माणूस नळी घडवतो. खरे आहे. पण तो मग प्रिंटरचा विषय राहत नाही, धातुकामाचा होतो, आणि धातुकाम शंभर वर्षांपासून हेच करते आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची स्टेन बंदूक इतकी साधी होती की व्यापलेल्या पोलंड आणि डेन्मार्कमधल्या गुप्त कार्यशाळांनी तशा बंदुका स्वतः बनवल्या. ८ जुलै २०२२ ला नारा शहरात शिंझो आबे यांचा जीव घेणाऱ्या हत्यारात प्रिंटरचा भाग नव्हता. ते नळ्या आणि चिकटपट्टीचे होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये जर्मनीतल्या हाले शहरात सिनगॉगवर चालून गेलेल्या हल्लेखोराकडे छापलेले भाग असलेली शस्त्रेही होती. त्याची घरगुती शस्त्रे वारंवार अडकली, दार टिकले, तरीही बाहेर दोन माणसे मेली. अशा माणसाला थोपवण्याचा कायदा प्रिंटरच्या दुकानात सापडत नाही. तो दारूगोळ्याच्या दुकानात सापडण्याची शक्यता जास्त. पितळी काडतूस, त्याच्या बुडातली ठिणगीची टोपी, आतली धूरविरहित दारू: यांतले काहीही प्रिंटर छापत नाही.

दुसरी कच्ची बाजू धातुशोधकाची. २०१३ मध्ये इस्रायली दूरचित्रवाणीच्या वार्ताहराने छापलेले पिस्तूल, गोळी न घालता, थेट संसदेच्या इमारतीत नेऊन दाखवले. अमेरिकेच्या १९८८ च्या कायद्यानुसार बंदुकीत सुमारे १०५ ग्रॅम पोलादाइतके तरी धातुशोधकाला दिसले पाहिजे. लिबरेटरमध्ये त्यासाठी पोलादाचा ठोकळा घातला होता, पण तो काढला तरी पिस्तुलाचे काही अडत नव्हते. तेव्हा कायद्यात ‘निघू न शकणारा’ हा शब्द हवा, यात वादच नाही. मात्र संसदेच्या दारावरचा खरा उपाय सामान आणि अंग यांच्या प्रतिमा घेणारी तपासणी हाच आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत जड आहे आणि तिथे मी प्रिंटरविरोधकांच्या बाजूला अर्धा सरकतो. सुरुवातीला म्हटलेला मशीनगनचा खटका म्हणजे नाण्याएवढा एक तुकडा. तो साध्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाला लावला की चाप दाबून ठेवताच मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटतात. हा तुकडा दाब सोसत नाही, म्हणून प्लास्टिकचा चालून जातो. लहान असल्याने झटपट छापला जातो. शोधू गेले तर खिशातल्या किल्लीच्या साखळीत हरवून जातो. ‘दाब सोसणारा भाग पकडा’ हा माझा नियम इथे लंगडा पडतो. अमेरिकेचा कायदा या तुकड्यालाच मशीनगन मानतो, जवळ असणे हाच गंभीर गुन्हा, आणि ते योग्य आहे. तो कशाने बनवला हे विचारायची गरज पडत नाही. तरी तुकडे वाढले. कारण ज्या पिस्तुलात तो बसतो ते पिस्तूल त्याला सहज जागा देते. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये नेमका इथे हात घातला: असा खटका सहज बसू शकेल अशा रचनेची पिस्तुले विक्रेत्यांनी विकू नयेत, असा कायदा केला. ओझे प्रिंटरवरून उचलून बंदूक बनवणाऱ्या कंपनीच्या रेखाटनावर ठेवले. बंदूकप्रेमींना हा अन्याय वाटतो, आणि आधीपासून घराघरांत असलेल्या लक्षावधी पिस्तुलांना तो कायदा शिवत नाही ही त्यांची टीका बिनतोड आहे. पण पुढच्या दहा वर्षांत विकल्या जाणाऱ्या पिस्तुलांना तो शिवतो.

त्याच वर्षी त्याच राज्याने आणखी एक कायदा केला, ज्याच्या बातम्या मथळ्यांत फारशा आल्या नाहीत: बंदुकीची सुटी नळी टपालाने घरी येणार नाही, ती परवानाधारक विक्रेत्याकडे समोरासमोर घ्यावी लागेल. १९६८ मध्ये चौकटीला बांधलेली गाठ निदान एका राज्यात नळीपर्यंत सरकली. त्यातही अडचणी येतील. शेजारच्या राज्यातून नळी आणणाऱ्याचे काय, घासलेली नळी बदलणाऱ्या खेळाडू नेमबाजाला किती हेलपाटे पडतील, संग्रहालयातल्या जुन्या नळ्यांची नोंद कोण करणार, आणि भोक न पाडलेला पोलादी दंडगोल नेमका कोणत्या टप्प्यावर ‘नळी’ होतो. या शेवटच्या प्रश्नावर वकील वर्षानुवर्षे भांडतील, जसे ते अर्धवट चौकटीवर भांडले. भांडू देत. निदान ते भांडण २,३५० बार सोसणाऱ्या भागाबद्दल असेल.